रकान्यांतून धावणारे घोडे

महालक्ष्मी स्टेशनच्या एका अंगाला धोबीघाट आणि दुसऱ्या अंगाला रेसकोर्स. धुलाई दोन्हीकडे होते, फक्त धोबीघाटावर दिलेलं परत मिळतं. नोव्हेंबरात मुंबईचा सीझन सुरू झाला की रविवारी दुपारी स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेकडे एक वेगळीच वारी निघते. त्यात टाय लावलेले असतात, बनियनवर शर्ट अडकवून आलेले असतात, नुसते हौशी असतात, आणि काही जणांच्या काखेत वही असते.

हौशी माणूस फार सरळ. त्याला घोड्याचं नाव आवडतं. किंवा जॉकीच्या अंगावरचा रंग बायकोच्या पैठणीशी जुळतो. किंवा येताना टॅक्सीच्या नंबराची बेरीज सात आली म्हणून तो सात नंबरावर शंभर रुपये लावतो. घोडा हरला तर "गेले" म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो. त्याचा प्रश्न तिथंच संपतो.

वहीवाल्याचं तसं नसतं. तो नशीब मानत नाही. तो 'खेळत' नाही, 'अभ्यास' करतो. बहुधा बँकेतून किंवा विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, ताळेबंदात पंधरा पैशांचा फरक सापडला नाही म्हणून रात्री जागलेला हा गृहस्थ असतो. जगात कुठलीही गोष्ट रकान्यात बसवली की ती वळणावर येते, अशी त्याची श्रद्धा असते आणि बँकेत ती खरीही ठरलेली असते. घोड्यांनी बँकेत नोकरी केलेली नसते, ही एवढीच अडचण.

वहीत काय असतं? घोड्याच्या मागच्या पाच धावा. पाठीवरचं वजन, किलोत. सुरुवातीच्या फाटकात कितव्या खणातून सुटणार. अंतर. जॉकी कोण, ट्रेनर कोण, हा जॉकी त्या ट्रेनरसाठी बसतो तेव्हा काय होतं. पहाटेच्या सरावातल्या वेळा. आणि पेनिट्रोमीटरचा आकडा. हे यंत्र धावपट्टीत खुपसून जमीन किती मऊ, किती कडक ते मोजतात आणि आकडा जाहीर करतात. वहीवाला तो लाल शाईत लिहितो. घोड्याला मात्र तो कुणी सांगत नाही.

"काका, कुठला घोडा घेतलात?"

"घोडा विचारू नकोस. पद्धत विचार."

"बरं, पद्धत काय?"

"ती सांगितली की भाव पडतो."

यातलं शेवटचं वाक्य विनोदी वाटतं, पण सगळ्या वहीत तेवढंच वाक्य शास्त्रशुद्ध आहे. त्याकडे पुढे येऊ.

प्रस्तुत लेखकाला एकदा अशी वही हाताळण्याचा मान मिळाला. गणिताशी त्याचं नातं शाळेतच तुटलेलं असल्यामुळे त्याला त्यातली फक्त घोड्यांची नावं वाचता आली. जे नाव उच्चारायला बरं वाटलं तो घोडा त्यानं मनात धरला. तो चौथा आला. वहीनं निवडलेला नववा आला. लेखकानं नम्रपणे हा फरक निदर्शनास आणला, तेव्हा वहीवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुझं ते नशीब. ते पद्धतीत धरत नाहीत."

घरी या अभ्यासाकडे पाहण्याची दृष्टी जरा वेगळी असते. रविवारी जेवण लवकर मागितलं की घरातल्या बाईंना कळतंच.

"निघालात जुगार खेळायला?"

"जुगार नाही गं तो. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, १९९६ साली. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे."

"ते घोड्याचं कौशल्य म्हणाले असतील. नीट वाचा."

बाईंनी निकालपत्र वाचलेलं नसतं, पण नेम बरोबर लागलेला असतो. न्यायालयानं खरोखरच घोड्याचा वेग आणि दम, त्याला मिळालेलं शिक्षण, जॉकीचं कसब यांचा विचार केला होता. पैसे लावणाऱ्यालाही घोड्याची कुवत पारखावी लागते, हेही त्यात आहे, आणि वहीवाला त्या एका मुद्द्यावर पंचवीस-तीस वर्षं जगतो आहे. जीएसटी परिषदेनं मात्र निकालपत्राचा फारसा मुलाहिजा ठेवला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिनं रेसला कॅसिनो आणि लॉटरीच्या पंगतीला बसवून कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेला. तोही जिंकलेल्या पैशांवर नव्हे, लावलेल्या पैशांवर. वहीत या आकड्याला रकाना नाही. वहीवाल्यांच्या मते तो 'बाहेरचा घटक' आहे.

वहीवाल्याचा खरा शत्रू बुकी नव्हे. बुकी आपला दोन पैसे मिळवणारा माणूस. खरा शत्रू शर्यती भरवणाऱ्या क्लबाच्या कचेरीत बसलेला हँडिकॅपर. हा पगारी अधिकारी. त्याचं काम असं की चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन टाकायचं, सुमाराच्या पाठीवर कमी, म्हणजे कागदावर तरी सगळे घोडे एकाच क्षणी विजयरेषेवर पोचले पाहिजेत. म्हणजे बघा, एक माणूस आठवडाभर राबतो ते घोड्यांत फरक उरू नये म्हणून, आणि दुसरा आठवडाभर राबतो ते फरक शोधण्यासाठी. पहिल्याला त्याचा पगार मिळतो.

तरीही वहीवाला हरत नाही. म्हणजे पैसे हरतो, वाद हरत नाही. त्याचं खरं कौशल्य शर्यत संपल्यावर सुरू होतं. घोडा फाटकात शिरायलाच तयार नव्हता, हे त्यानं आधीच ओळखलं होतं पण जॉकी सांभाळेल असं वाटलं. घोडा बरोबर होता, जॉकीनं चाबूक उशिरा काढला. घोडा आणि जॉकी दोघंही बरोबर होते, आतल्या कुंपणाशी कोंडले गेले. एकदा तर निवडलेला घोडा चक्क पहिला आला. वहीवाल्यांनी शेजाऱ्याला मिठी मारली, भोंग्यातून हरकतीची घोषणा झाली, चौकशी होऊन घोडा दुसरा ठरला, आणि मिठी परत घ्यायची राहिली. एकदा विजेता अगदी अचूक निघाला, तिकीट तेवढं काढायचं राहिलं, कारण वहीवाले शेवटचा भागाकार करत होते आणि खिडकी बंद झाली. एका पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर सर आली तेव्हा त्यांनी छत्री वहीवर धरली. घरी येऊन बघतात तो घाईत उचललेली वही दुधाच्या हिशेबाची होती. त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी नुकसान झालं, असं त्यांच्या चिरंजीवांचं म्हणणं आहे. वडिलांना ते मान्य नाही.

अशा प्रत्येक अपघातानंतर वहीत एक गोष्ट हमखास होते. एक रकाना वाढतो. 'फाटकातली वागणूक' हा रकाना असाच आला. 'जॉकीचा चाबूक' हाही. पाऊस पडल्यावर 'ढग'.

रकाने वाढले की काय होतं, याचा प्रयोग झालेला आहे. पॉल स्लोव्हिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७३ साली त्याबद्दल लिहिलं. त्यानं रेसमध्ये मुरलेले आठ जाणकार बोलावले आणि घोड्याच्या कागदपत्रांत सापडणाऱ्या ८८ गोष्टींची यादी त्यांच्यापुढे ठेवली. तुम्हाला सर्वात महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाचच गोष्टी सांगा, तेवढ्या देतो, त्यावरून घोडे ओळखा. मग दहा दिल्या. मग वीस. मग चाळीस. शर्यती जुन्या, खऱ्या, फक्त नावं झाकलेली. निकाल असा की माहिती आठपट वाढली तरी एकूण अचूकता जिथल्या तिथं. दोघं थोडे सुधारले, तिघं होते तिथंच राहिले आणि तिघं चक्क बिघडले. पण एका बाबतीत आठांचं एकमत होतं. रकाने वाढतील तसा प्रत्येकाचा स्वतःवरचा विश्वास वाढत गेला.

हा प्रयोग एका वहीवाल्यांना सांगितला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकला, थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "चाळीसवरच का थांबले?"

पद्धतवाल्यांत एक पोटजात आहे, ती घोड्यांकडे बघतच नाही. तिचं तत्त्व असं की घोडा कुठलाही चालेल, रक्कम नीट वाढवत न्या. बाजारात ज्या घोड्यावर सर्वात जास्त पैसा, तो फेवरिट. त्याच्यावर शंभर लावा. हरला तर पुढच्या फेवरिटवर दोनशे. मग चारशे. कधीतरी एक लागेलच आणि सगळं भरून निघेल. हे ऐकताना कुणालाही पटतं, हाच या पद्धतीचा सर्वात मोठा दोष आहे.

जगभरचा ढोबळ अनुभव असा की फेवरिट तीनातून एकदा जिंकतो. म्हणजे तीनातून दोनदा हरतो. ओळीनं आठ हरण्याची पाळी पंचविसातून एकदा येते, आणि एका दिवसात सात-आठ शर्यती असल्यावर पंचविसावं वळण फार लांब नसतं. आठ हरले की २५,५०० रुपये गेलेले असतात आणि नवव्या खेपेला २५,६०० लावायचे असतात. समजा घरातली मुदत ठेव मोडून ते लावले, घोडा पावला आणि भाव बरोबरीचा, म्हणजे लावले तेवढेच वर, मिळाला, तर सगळा हिशेब चुकता होऊन हातात निव्वळ नफा येतो शंभर रुपये. फेवरिटचा भाव बरोबरीपेक्षा कमी असला तर तेवढाही नाही. या रकमेत टॅक्सीनं घरी पोचता येत नाही.

मग हरणारच नाही असा घोडा का घेऊ नये? घ्यावा की. अमेरिकेत मॅन ओ' वॉर नावाचा घोडा होता. २१ शर्यतींत २० जिंकला. पुढे पुढे त्याचा भाव शंभराला एक झाला, म्हणजे शंभर डॉलर लावून एक कमवायचा. आणि ती एकमेव शर्यत तो १९१९ साली साराटोगाला हरला, ज्या घोड्याकडून हरला त्याचं नाव 'अपसेट'. विनोदी लेखकानं असं नाव रचलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.

उलट दिशेनं जाणारेही आहेत. मोठ्या भावाचा अज्ञात घोडा घ्यायचा, वर्षातून एकदा लागला तरी वसूल. रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली अमेरिकेतल्या शर्यतींचे भाव तपासून दाखवलं की लोक या लंगड्या आशेवर तिच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेवरिटवर लायकीपेक्षा जरा कमी. सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली, माणसाची ही खोड मोडलेली नाही. मोठा भाव दिसला की वहीवाल्याच्याही हातातलं पेन जरा थरथरतं. मग तो पटकन एक रकाना काढतो, ज्यात तो अज्ञात घोडा चांगला दिसेल.

किती लावावं, यावरही शास्त्र आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तारा आणि संदेश यांचं गणित करणाऱ्या जॉन केलीनं १९५६ साली एक निबंध लिहिला आणि त्यात उदाहरण घेतलं ते घोड्यांच्या शर्यतीचं. तुम्हाला बाजारापेक्षा जास्त कळत असेल तर जवळच्या पैशांचा किती हिस्सा लावावा, याचं सूत्र त्यानं दिलं. बाजारापेक्षा जास्त कळत नसेल तर तेच सूत्र सांगतं, शून्य लावा. एका वहीवाल्यांच्या भाच्यानं त्यांचे तीन सीझनचे आकडे या सूत्रात घालून दिले.

"मामा, उत्तर शून्य येतंय."

"सूत्र तपास."

"तपासलं."

"मग माझे आकडे चुकीचे घातलेस."

"तुमच्याच वहीतले आहेत."

"त्या वहीत मी काही आकडे मुद्दाम चुकीचे लिहिलेत, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून."

आता ते भाव पडण्याचं. टोटवर, म्हणजे क्लबाच्या खिडकीवर, पैसे लावणारा माणूस घोड्याविरुद्ध खेळत नसतो की क्लबाविरुद्धही नसतो, तो बाकीच्या लावणाऱ्यांविरुद्ध खेळत असतो. पॅरिसमध्ये जोसेफ ऑलरनं १८६७ साली ही रीत काढली. हाच ऑलर पुढे मुलाँ रूज या तिथल्या नाचघराचाही एक संस्थापक झाला, म्हणजे माणसाचे खिसे हलके करण्याच्या दोन्ही वाटा त्याला ठाऊक होत्या. सगळ्यांचे पैसे एका हंड्यात, वरचा वाटा आधी काढून घ्यायचा, उरलेला बरोबर ठरलेल्यांत वाटायचा. हा हिशेब क्षणोक्षणी करायला माणसं अपुरी पडत. मग ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज ज्युलियस या इंजिनिअरनं यंत्र केलं, ते १९१३ साली ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर बसलं. खरं म्हणजे त्यानं ते मतं मोजायला केलं होतं. सरकारनं नाकारलं, तेव्हा त्यानं ते घोड्यांकडे वळवलं. यंत्राला फारसा बदल करावा लागला नसावा.

तर हंडा एकच असल्यामुळे जो घोडा सगळ्यांना कळला, त्याचे पैसे सगळ्यांत वाटले जाणार. अँड्र्यू बायर या गृहस्थांना हा धडा फार सभ्यपणे मिळाला. हार्वर्डची त्यांची शेवटची परीक्षा, विषय कवी चॉसर, नेमकी १९६६ च्या बेलमाँट स्टेक्स शर्यतीच्या दिवशी आली. बायरांनी शर्यतीला हजेरी लावली आणि पदवी राहिली ती राहिलीच. पुढे ते 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये रेसवर लिहू लागले. निरनिराळ्या धावपट्ट्यांवरच्या, निरनिराळ्या दिवसांच्या वेळा एका मापात आणायची त्यांची पद्धत खरोखर चांगली होती. १९७५ साली त्यांनी ती पुस्तकात छापली. १९९२ पासून हे आकडे 'डेली रेसिंग फॉर्म'मध्ये प्रत्येक घोड्यापुढे छापून येऊ लागले. सगळ्यांना मिळाले, सगळ्यांनी त्याच घोड्यांवर लावले, भाव पडले. काका म्हणतात ते खरंच आहे. फक्त काकांची पद्धत आजवर कुणी चोरलेली नाही, त्याचं कारण वेगळं आहे.

वहीवाल्यांच्या देव्हाऱ्यात एक तसबीर मात्र खरी आहे, ती बिल बेंटरची. हा अमेरिकन मुलगा लास व्हेगासच्या कॅसिनोत पत्ते मोजून जिंकायचा. कॅसिनोवाल्यांनी दार बंद केलं. मग तो ॲलन वूड्स या ऑस्ट्रेलियन भागीदाराबरोबर १९८० च्या दशकात हाँगकाँगला गेला, कारण तिथं घोडे थोडे, मैदानं दोनच, तेच तेच घोडे पुन्हापुन्हा धावतात आणि हंडा मात्र प्रचंड. त्यानं काँप्युटरवर वही मांडली. पहिल्या सीझनमध्ये बहुतेक भांडवल गेलं. (हा भाग वहीवाले अभिमानानं सांगतात. "आपली सुरुवात बेंटरसारखीच आहे." सुरुवात चालू होऊन अठरा वर्षं झालीत.) मग बेंटरनं आपल्या रकान्यांत एक रकाना वाढवला: लोकांनी लावलेला भाव. म्हणजे आपल्याला काय वाटतं त्यात बाकीच्या सगळ्यांना काय वाटतं तेही मिसळायचं आणि जिथं आपलं गणित लोकांपेक्षा थोडं वेगळं आणि बरोबर, तिथंच लावायचं. त्यानंतर पैसा आला तो कोटींनी. १९९४ साली त्यानं आपली पद्धत निबंध लिहून जाहीरही केली.

इथं वहीवाला मान डोलावतो आणि थांबतो. पुढचं ऐकायचं नसतं. बेंटरच्या हाताखाली माणसं होती, जुन्या शर्यतींच्या चित्रफिती पाहून घोड्यांच्या नोंदी करणारी. हजारो शर्यतींची माहिती होती. २००१ साली 'ट्रिपल ट्रायो' जिंकायला, म्हणजे तीन शर्यतींतले पहिले तीन-तीन घोडे ओळखायला, त्याच्या गटानं पन्नास हजारांहून अधिक जुळण्यांवर पैसे लावले. ते लागलं. बक्षीस होतं सुमारे ११ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलर, आणि बेंटरनं ते तिकीट वटवलंच नाही. बेवारस बक्षिसाचा पैसा तिथं धर्मादायाला जातो, तसा गेला.

"वटवलं नाही? तिकीट हरवलं असेल," वहीवाले म्हणाले. त्यांच्या अनुभवात दुसरं कारण बसत नव्हतं.

आपल्याकडच्या जॅकपॉटमध्ये सलग पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे असतात. दर शर्यतीत दोन घोडे धरले तर ३२ जुळण्या होतात, तीन धरले तर २४३. वहीवाला मन घट्ट करून एकेकच घोडा धरतो, कारण पद्धत पक्की असल्यावर दुसरा घोडा धरणं हा स्वतःचा अपमान. पाचांपैकी चार शर्यती त्याला बरोबर आल्या की तो आठवडाभर पाचवीबद्दल बोलतो. पाचांपैकी एकही आली नाही तर तो पेनिट्रोमीटरबद्दल बोलतो.

वहीचा कंटाळा आलेल्यांसाठी हल्ली फोनवर सोय आहे. "उद्याची पक्की टिप, फी नको, आधी खात्री करा." पहिला घोडा लागतो. दुसराही लागतो. तिसऱ्या वेळी माणूस नातेवाइकांना सांगू लागतो आणि चौथ्या वेळी पैसे उसने घेतो. हा चमत्कार डेरेन ब्राउन या इंग्लिश जादूगारानं २००८ साली टीव्हीवर उघडा करून दाखवला. सहा घोड्यांची शर्यत, ७,७७६ माणसं. सहा सारखे गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळा घोडा कळवला. ज्या १,२९६ जणांचा घोडा लागला, त्यांचेच पुन्हा सहा गट. मग २१६. मग ३६. मग ६. पाच शर्यतींनंतर एक व्यक्ती उरली, जिला पाचही वेळा अचूक टिप मिळाली होती. बाकीच्या ७,७७५ जणांनी टिप देणाऱ्याला मनातल्या मनात काय म्हटलं ते कार्यक्रमात नव्हतं. आपल्याकडे असा संदेश आलेला माणूस कधी विचारत नाही की हाच संदेश आणखी कितीजणांना गेला. विचारलं तरी उत्तर ठरलेलं असतं: "फक्त तुम्हालाच, साहेब. तुमचा नंबर देवानं दिला."

टिप मोतद्दाराकडूनही येते. घोड्याला खरारा करणारा माणूस, त्याला तब्येत ठाऊक असणारच. पण प्रत्येक मोतद्दाराचा स्वतःच्या घोड्यावर जीव असतो, त्यामुळे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकभोवती एक फेरी मारली की आठ घोड्यांच्या आठ खात्रीच्या टिपा हातात येतात. वहीवाला त्यांची सरासरी काढतो.

मुंबईकरांनी या सरासरीसाठी गाड्याही पकडल्या आहेत. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावू लागली ती शनिवार-रविवारची गाडी म्हणून, आणि पुण्याच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांचा तिला मोठा आधार होता. जाताना डब्यात पद्धतींची चर्चा असायची. येताना खंडाळ्याच्या निसर्गाची.

कधी कधी मात्र कुठल्याच पद्धतीत न बसणारा घोडा जिंकतो. इंग्लंडमधली १९६७ ची ग्रँड नॅशनल घ्या. ३० अडथळ्यांची ही लांब शर्यत. त्यात फॉइनावॉन नावाचा घोडा होता, भाव एकाला शंभर. त्याचा ट्रेनर दुसऱ्याच गावच्या शर्यतींना गेलेला, मालकही मैदानावर नाही. तेविसाव्या अडथळ्याशी, जो मैदानावरच्या सर्वात लहान अडथळ्यांपैकी एक, स्वारावाचून मोकाट धावणारा एक घोडा आडवा आला. त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, बघता बघता सगळा घोळका कुंपणाशी गुंतला. फॉइनावॉन मात्र इतका मागे होता की तो पोचेपर्यंत त्याच्या जॉकीला वाट शोधायला वेळ मिळाला. तो एका कडेनं पलीकडे गेला आणि जिंकला. टोटनं एकाला ४४४ दिले. आज त्या अडथळ्यालाच फॉइनावॉनचं नाव आहे. ही शर्यत कळल्यानंतर एका वहीवाल्यांनी 'पुरेसा मागे आहे का?' असा रकाना काढला. त्या निकषावर त्यांचे घोडे तेव्हापासून उत्तम उतरतात.

शंभर टक्के बिनचूक ठरलेली निवड शोधायची तर जपानला जावं लागतं. कोचीच्या छोट्या रेसकोर्सवर हारू उरारा नावाची घोडी धावायची. ती ११३ शर्यती धावली आणि ११३ हरली. तिच्या हरण्याची कीर्ती पसरली तसे लोक तिची तिकिटं मुद्दाम घेऊ लागले, जिंकायला नव्हे, गाडीत ठेवायला: कधीच न लागणारं तिकीट जवळ असलं की आपली गाडीही कुणाला लागत नाही, अशी श्रद्धा. २२ मार्च २००४ ला जपानचा सर्वात नामांकित जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. १३,००० माणसं लोटली आणि सगळ्यांनी तिच्यावर इतका पैसा लावला की आयुष्यभर हरलेली घोडी त्या दिवशी फेवरिट झाली. अकरा घोड्यांत ती दहावी आली.